आधी रास, मग सूप

कल्पना सुचत नाही म्हणून एखादं काम अडलंय, असं मला फारसं कधी दिसलेलं नाही. काम अडतं ते निवडताना. सातारा-सांगलीकडच्या इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या पोरांबरोबर कार्यशाळा घेताना, बचत गटाच्या बैठकीत सतरंजीच्या कोपऱ्यावर बसलेलो असताना, एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमध्ये चहा पिताना मी हे इतक्यांदा पाहिलंय की त्याचा क्रमही पाठ झालाय. कुणीतरी धीर करून पहिली कल्पना मांडतो. क्षणभर कुणी बोलत नाही. मग दोनपैकी एक वाक्य येतं. एक तर, "चालतंय की!" नाहीतर, "आपल्याकडं न्हाई जमायचं ते." पहिल्या वाक्यानं दुसऱ्या कल्पनेची वाट बंद होते, दुसऱ्यानं पहिलीची. दोन्ही वाक्यं आमच्याच मातीतली आहेत आणि मीही ती शेकडो वेळा वापरली आहेत, त्यामुळे तक्रार करायचा मला फारसा हक्क नाही.

हे पुस्तक या दोन वाक्यांना थोडा उशीर व्हावा म्हणून लिहिलं आहे.

ज्याला जगभर डिझाइन थिंकिंग म्हणतात त्याच्या पाच पायऱ्या आता शाळकरी मुलांनाही सांगतात. माणसं समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, कल्पना काढा, नमुना करा, तो लोकांच्या हातात देऊन पारखा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डिझाइन स्कूलनं ही मांडणी गेल्या वीसेक वर्षांत सगळीकडे पोचवली. पण त्याच्याही खूप आधी, १९६९ साली, अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी लिहून ठेवलं होतं की आहे ती परिस्थिती बदलून हवी तशी करण्यासाठी जो कुणी काही योजतो, तो डिझाइनच करत असतो. त्या हिशेबानं ओढ्याला बांध घालणारा शेतकरीही डिझायनर ठरतो. आपल्याकडे 'डिझाइन' म्हटलं की साडीचा काठ किंवा दारावरची नक्षी डोळ्यांपुढे येते. सरकारी भाषेनं मात्र इथे बरं काम केलंय. धरणांचे आराखडे करणाऱ्या नाशिकच्या कचेरीचं नाव 'मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना' असं आहे. मनातला संकल्प आणि कागदावरचं चित्र, दोन्ही एका शब्दात. एवढा नेटका शब्द हाताशी असून आपण तो कचेरीबाहेर येऊ दिला नाही.

पाचांपैकी मुख्यतः तिसरी पायरी या पुस्तकानं घेतली आहे, कारण तिच्या पोटात दोन कामं आहेत आणि त्यांचं एकमेकांशी जमत नाही. एक काम भरपूर कल्पना काढायचं, दुसरं त्यांतल्या बहुतेक टाकायचं. जे. पी. गिलफर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात या दोन विचारांना वेगवेगळी नावं दिली. एक फाकत जाणारा, दुसरा एका जागी येऊन मिळणारा. मला मात्र हे ती नावं वाचायच्या आधीच खळ्यावर दिसलं होतं, तेव्हा गिलफर्ड कोण हे ठाऊकही नव्हतं.

ज्वारीची कणसं खळ्यावर पडली, बैलांची पात फिरली, की आजी कुणाला दाण्यातला खडा उचलू द्यायची नाही. आम्ही पोरं बसल्या बसल्या खडे वेचायला लागलो की ओरडायची, "आधी रास हू दे!" मग वारं पडलं असेल तर वाऱ्याची वाट बघायची. वारं आलं की उपणणी, त्यात भुसा उडून जायचा. मग चाळण, मग सूप, आणि अगदी शेवटी, भाकरीचं पीठ दळायच्या आदल्या दिवशी, ताटात घेऊन निवडणं. प्रत्येक कामाचं हत्यार वेगळं आणि वेळही वेगळी. खळ्याच्या कडेला उरलेलं मातीमिश्रित धान्य, म्हणजे मातेरं, तेही टाकायचं नाही; वेगळ्या पाटीत. आणि सगळ्यात टपोरी कणसं आधीच बाजूला काढलेली असायची, पुढच्या पेऱ्याचं बियाणं म्हणून. हे सगळं मी आठवणींत रमण्यासाठी सांगत नाही. कल्पनांच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. कणीस खळ्यावर पडायच्या आत सूप घेऊन बसतो.

*

'ब्रेनस्टॉर्मिंग' हा शब्द ॲलेक्स ऑसबर्न या अमेरिकी जाहिरातवाल्यानं रूढ केला. १९५३ सालच्या 'अप्लाइड इमॅजिनेशन' या पुस्तकात त्याचे नियम आले: कल्पनांची संख्या वाढवा, टीका पुढे ढकला, वेड्यावाकड्या कल्पनांना मज्जाव करू नका, एकाच्या कल्पनेवर दुसऱ्यानं भर घाला. नियम आजही खणखणीत आहेत. पण ऑसबर्न यांचा एक दावा टिकला नाही. माणसं एकत्र बसली की एकेकट्यापेक्षा जास्त कल्पना काढतात, असं त्यांना वाटत होतं. १९५८ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी ते तपासलं, आणि निघालं उलटंच: वेगवेगळं बसून काम केलेल्या तेवढ्याच माणसांनी गटापेक्षा जास्त कल्पना काढल्या. पुढच्या अभ्यासांतून कारणंही दिसली. एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, थांबता थांबता सुचलेलं निसटतं, आणि लोक काय म्हणतील ही धास्ती असतेच.

मराठीत आपण याला विचारमंथन म्हणतो. शब्द बरा आहे, पण त्यातली गोष्ट आपण अर्धीच लक्षात ठेवतो. समुद्रमंथनात अमृताच्या आधी हलाहल वर आलं होतं, आणि ते आलं म्हणून कुणी दोरी सोडून घरी गेलं नाही. आमच्या बैठकांत पहिली आचरट कल्पना आली की निम्मी माणसं चपला शोधायला लागतात.

येलमध्ये जे दिसलं ते आपल्याकडे दुप्पट खरं असावं, असं माझं मत आहे. आपल्या बैठकीत बोलायचा क्रम आधीच ठरलेला असतो. आधी साहेब, सर किंवा सरपंच, मग वयानं मोठे, मग ज्यांचा आवाज मोठा ते. साहेबांनी कल्पना मांडली की उरलेल्यांना फक्त मम म्हणायचं काम उरतं. सत्यनारायणाच्या पूजेत ते शोभतं, इथे नाही. बायका असतील तर त्या बैठक संपल्यावर, भांडी आवरताना, एकमेकींशी खरं बोलतात. ते बोलणं कुठल्याही फळ्यावर येत नाही.

म्हणून या पुस्तकात तोंडी मंथनाला दुय्यम जागा आहे आणि लिहून काढण्याला पहिली. बर्न्ड रोहरबाख या जर्मन माणसानं १९६० च्या दशकाच्या अखेरीस एक साधी पद्धत सुचवली. सहा माणसं, प्रत्येकाच्या पुढ्यात एक कागद, पाच मिनिटांत तीन कल्पना लिहायच्या आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा. शेजारी वाचतो आणि खाली आणखी तीन लिहितो. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, १०८ कल्पना. जपमाळेचे मणी तेवढेच, हा योगायोग. त्यांतल्या निम्म्या एकसारख्या निघतात, काही वाचताही येत नाहीत; तरी चाळीसेक उरतातच. शिवाय शिपायाची कल्पना आणि प्राचार्यांची कल्पना एकाच कागदावर, एकाच निळ्या शाईत येते. माझ्या अनुभवात पहिल्या दहा-बारा कल्पना कुणालाही सुचतील अशाच असतात. हल्ली त्यांतल्या पाच तरी "एक ॲप बनवायचं" या असतात. विसाव्या-पंचविसाव्या कल्पनेच्या पुढे माणसं कंटाळतात, आणि कंटाळलेलं डोकं जरा आडवाटेला लागतं.

*

आडवाटेवरून आठवले लक्ष्मणराव किर्लोस्कर. आमच्या भागात त्यांचं नाव इतक्यांदा घेतलं जातं की ती गोष्ट सरळ रेषेसारखी गुळगुळीत झाली आहे: जिद्द होती, कारखाना काढला, वाडी वसली. प्रत्यक्षात ती रेषा बरीच वाकडी होती.

१८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले आणि काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, हे तिथे उघड झालं. चित्रकाराच्या दृष्टीनं खेळ संपलाच. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान घातलं. मग कडबा कापायचं यंत्र केलं. मग लोखंडी नांगर. पुढच्या काळात भुईमूग फोडायची यंत्रं, उसाचे चरक, पाण्याचे पंप, लोखंडी खुर्च्या-कपाटं. ही यादी यशाची शिडी म्हणून वाचायची नाही. ही रास आहे. या माणसानं एकच कल्पना उराशी धरून ठेवली नाही. एकामागून एक कणीस खळ्यावर टाकलं, आणि कुठलं दाणेदार हे शेतकऱ्याच्या हातानं ठरू दिलं.

ठरायला वेळ लागला. पहिले लोखंडी नांगर विकले जायला दोन वर्षं लागली, असं किर्लोस्करांच्या इतिहासात सांगतात. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही समजूत वाचून आज आपल्याला हसू येतं, आणि हसू येतं तिथेच आपण डिझाइनचा धडा चुकवतो. शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. लाकडी नांगर गावचा सुतार करायचा, त्याचं देणं बलुत्यात, सुगीला धान्यानं. मोडला तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त. लोखंडी नांगराला रोख पैसा हवा, जास्त ताकदीचे बैल हवेत, आणि तो मोडला तर जायचं कुणाकडे? 'विष' या एका शब्दात या सगळ्या शंका दाटीवाटीनं बसल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे. लोक नकाराचं कारण सांगतात ते बऱ्याचदा खऱ्या कारणाचं टोपणनाव असतं.

आणि तरीही नांगर खपला, कारण त्याच्यापाशी एक गोष्ट अशी होती जी लाकडी नांगराला जमतच नव्हती. लाकडी नांगर माती ओरखडतो, लोखंडी नांगर ती खालून उचलून पालथी करतो. काळ्या रानात कुंदा आणि हरळी माजली की त्यांच्या मुळ्या खोलवर जातात. पालथ्या मातीत त्या उघड्या पडून उन्हानं वाळतात. हे भाषणानं पटत नाही. एक सरी मारून दाखवली की बांधावरच्या माणसाला दिसतं.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळचा ३२ एकर माळ आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. माळ म्हणजे निवडुंग आणि साप. आज ती किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात आहे. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. ही गोष्ट सांगताना पोरांचे डोळे चमकतात, पण मला तोफांपेक्षा त्या माळाचं अप्रूप जास्त. कल्पना निवडली म्हणजे काय केलं? टाळ्या वाजवल्या, पहिला नंबर दिला, प्रमाणपत्र दिलं? पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि चुकायला वेळ दिला.

काही काळ हे नांगर विकत गावोगाव फिरणाऱ्यांत भाऊराव पाटील नावाचा एक तरुण होता. १९१९ साली त्यानं कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्यात आणली. शेतकऱ्याला नांगर विकायला जाणारा माणूस त्याच्या ओसरीवर बसतो, त्याची पोरं बघतो, ती शाळेत का नाहीत हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. पहिल्या पायरीचा, माणसं समजून घेण्याचा, याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही. 'कमवा आणि शिका' ही कल्पना बंद खोलीत सुचली असती असं मला वाटत नाही.

*

औंधविषयी आणखी थोडं. ७२ गावांचं हे चिमुकलं संस्थान, सातारा-सांगलीच्या आजच्या नकाशावर तुकड्या-तुकड्यांनी पसरलेलं. याच राजानं १९३९ साली राज्यघटना करून आपला अधिकार गावांच्या हाती सोपवला, आणि त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरची एक अचाट कल्पना उचलून धरली: कैद्यांना भिंतीशिवाय ठेवायचं. फ्रीडमन गांधीजींच्या सहवासातले. भारतानंद या नावानंही ओळखले जात, आणि सूतकताईसाठी धनुष तकली त्यांनीच तयार केली होती. आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर वसलं. कैदी तिथे शेती करत, कुटुंबासह राहत. यावरूनच ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि १९५७ मध्ये व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' आला.

ही कल्पना कुठल्याही समितीच्या मतदानात पास झाली असती का? मला तरी शंका आहे. कल्पनांवर रंगीत टिकल्या चिकटवून मत देण्याची पद्धत आता सगळीकडे आहे, आणि तिचा दोष हाच की टिकल्या सुरक्षित कल्पनेभोवती गोळा होतात. पहिल्या तीन टिकल्या जिथे पडतात तिथेच पुढच्या दहा पडतात. लग्नाच्या पंगतीत लोक जिथे गर्दी तिथेच उभे राहतात तसं. म्हणून पुस्तकात मी सुचवलंय की टिकल्या द्याव्यात पण गुपचूप, आणि त्यांच्याबरोबर प्रत्येकाला एक काळी टिकली द्यावी. ती ज्या कल्पनेची भीती वाटते पण जी डोक्यातून जात नाही तिला. काळ्या टिकल्यांची कल्पना लगेच निवडायची नाही, तिचा फक्त छोटा नमुना करायचा. आटपाडीच्या माळाएवढा.

*

नमुना येईपर्यंत थांबू या. आधी प्रश्नाकडे नीट बघायचं राहिलं. येरळा नदीच्या काठी, तेव्हाच्या खानापूर तालुक्यात, बलवडी आणि तांदुळवाडी ही गावं आहेत. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार, पाठोपाठ दुष्काळ, नदी कोरडी. कोरड्या पात्रातून ठेकेदारांचे वाळूचे ट्रक मात्र रोज भरून जात होते. मुक्ती संघर्ष चळवळीतल्या लोकांपुढे, भारत पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे, प्रश्न होता की छोटं धरण बांधायचं तर पैसा कुठून आणायचा. देणग्या, अर्ज, मोर्चे हे सगळं झालंच. शहरातल्या जाणकार अभियंत्यांनी आणि विज्ञान चळवळीतल्या मंडळींनी हातही लावला. पण मुख्य कल्पना नदीतच होती. वाळू बाहेरचे नेतात आणि विकतात, तर त्यातली थोडी गावानंच विकायची आणि त्या पैशातून धरण उभं करायचं. सरकारदरबारी त्यासाठी भांडावं लागलं. बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं.

मी ही गोष्ट कार्यशाळेत सांगतो तेव्हा वाळूपाशी थांबून एक प्रश्न विचारतो. "पाणी नाही" असं म्हटलं की डोळे आभाळाकडे जातात, "नदीत काय आहे?" असं विचारलं की पायाखाली. प्रश्नाची शब्दरचना बदलली की कल्पनांची दिशा बदलते, आणि पुस्तकातलं दुसरं प्रकरण सगळं याच कसरतीचं आहे. पण बळीराजा धरणात मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. पाणी कुणाला, याचं उत्तर त्या योजनेच्या गाभ्यातच होतं: जमीन किती हे न बघता प्रत्येक कुटुंबाला सारखा वाटा, भूमिहीनालासुद्धा. म्हणजे चाळणीची भोकं केवढी ते आधी ठरलं. आपण सहसा कल्पना आवडली की मग तिला शोभेसे निकष शोधतो. मुलगी पसंत करून मग पत्रिका जुळवून घेतात तसं.

निकष कोणते? जगभर तीन प्रश्न विचारतात. लोकांना हे हवं आहे का, करता येईल का, परवडेल का. चांगले आहेत. स्टुअर्ट पग या ब्रिटिश अभियंत्याची एक शहाणपणाची सूचना त्यांच्या जोडीला घ्यावी: प्रत्येक नवी कल्पना आधी ठरवलेल्या एका वस्तूशेजारी ठेवून तोला, आणि ती वस्तू बहुतेक वेळा लोक आज वापरतात तीच असते. आमच्या भागासाठी मी चौथा प्रश्न जोडलाय: मोडलं तर कोण दुरुस्त करणार? विट्याच्या किंवा वडूजच्या वेल्डरकडे जे दुरुस्त होत नाही ते दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत गोठ्याच्या आढ्याला टांगलेलं असतं. जुन्या गोष्टींकडे बघतानाही हा चौथा प्रश्न उपयोगी पडतो. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायला जमिनीत पेवं खोदत. त्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरानं त्यांतली पुष्कळ निकामी केली. ती मुळातच जुनाट होती म्हणून गेली, असं म्हणणाऱ्याला मी आधी आजचं गोदाम बांधायला आणि राखायला काय लागतं ते विचारतो.

*

कुणाचा प्रश्न आणि कुणाची निवड, याचं उत्तर म्हसवडच्या बायकांनी दिलं. माण तालुका म्हणजे कायमचा दुष्काळी. पैसे रोजच्या रोज येणार, रोजच्या रोज संपणार, बाजूला टाकायला जागा नाही. चेतना गाला सिन्हा यांनी या बायकांबरोबर बँक काढायचं ठरवलं, तर रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. सभासद निरक्षर होत्या. बायका अक्षरं गिरवायला बसल्या आणि पुन्हा गेल्या. हिशेबात आम्ही कुणाला हार जात नाही, व्याज तोंडी काढून दाखवतो, असं त्यांनी तिथे ठणकावून सांगितल्याचं सांगतात. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बँकेत यायचं तर रोज बुडतो, म्हणून बँकच दारात जाऊ लागली. यात शोध कसला, असं कुणी विचारेल. दारात दूध येतं, भाजी येते, बँक का नको? एवढीच तर कल्पना. पण ती जिचा रोज बुडतो तिला आधी सुचते.

आता माझी फजिती सांगतो, म्हणजे वरचं सगळं ज्ञान कुठून आलं ते कळेल. कृष्णाकाठच्या एका उसाच्या फडात आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. विषय आम्हीच ठरवून नेलेला: मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायचे कष्ट कसे कमी करता येतील. पोरांनी वह्या उघडल्या. एकानं एका तोडणीवाल्या बाईंना विचारलं, "मावशी, मोळी चढवायला काय मदत झाली तर बरं वाटंल?" बाई कोयता न थांबवता म्हणाल्या, "मोळीचं काय घिऊन बसलास बाबा. लेकरू कुठं ठिवावं तेवढं सांग." बांधावर साडीची झोळी टांगलेली होती, पहाटेच्या थंडीत.

आम्ही विषय बदलला, एवढं तरी शहाणपण होतं. परत येऊन भिंतभर कल्पना काढल्या, टिकल्या लावल्या, आणि निवडला एक देखणा पाळणा: सौर पंखा, मच्छरदाणी, सगळं. बनवायला तीन आठवडे लागले. फडात नेला तेव्हा टोळी पुढच्या फडात निघाली होती. पाळणा टायरगाडीत मावेना. बाईंनी त्याकडे पाहिलं, हसल्या, पुन्हा झोळी बांधली. भिंतीवर तळाच्या कोपऱ्यात, एकही टिकली न मिळालेला एक कागद होता: 'गाडीलाच झोळी अडकवायला दोन हूक आणि वर ताडपत्री.' लिहिणारी मुलगी बीड जिल्ह्याची होती आणि दिवसभर काही बोलली नव्हती. सुदैवानं एकानं भिंतीचा फोटो काढून ठेवला होता, नाहीतर तो कागद झाडलोटीत गेला असता. हूक नंतर बसवले. ते कितपत चालले याचा हिशेब पाचव्या प्रकरणात आहे, आणि तो फार गौरवाचा नाही.

*

या पद्धतीच्या मर्यादाही सांगून टाकतो. चिकटचिठ्ठ्यांनी भरलेली भिंत दिसायला छान दिसते, फोटो चांगला येतो, आणि अहवालात तो छापला की काम झाल्यासारखं वाटतं. दोन दिवसांच्या कार्यशाळेतून कुठल्याही गावचा पाणीप्रश्न सुटलेला नाही. काही प्रश्न कल्पनेचे नसतातच. ते मालकीचे असतात, मजुरीचे असतात, जातीचे असतात. तोडणीच्या बाईला पाळणा हवा होता हे खरं, पण त्याआधी तिला दर हवा होता. बळीराजा धरण मला म्हणूनच मोलाचं वाटतं. तिथे कल्पना आणि भांडण हातात हात घालून चालले होते.

कसब नव्यानं आणावं लागतं असंही नाही. मिरजेचे शिकलगार मुळात हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात त्यांतल्या फरीदसाहेबांनी तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तलवारीवरचा हात भोपळ्यावर कसा बसला असेल, याचा विचार मी अजून करतो.

हे पुस्तक सलग वाचायचं नाही. एखादा खरा प्रश्न घेऊन बसा, सहा माणसं जमवा, त्यांत एक तरी अशी असू द्या जिला बैठकीत बोलायची सवय नाही. पहिल्या अर्ध्या तासात कुणी "चालतंय की" म्हटलं तर त्याला चहा आणायला पाठवा. शेवटची बारा पानं कोरी सोडली आहेत, ती मातेऱ्यासाठी. न निवडलेल्या कल्पना तिथे तारीख घालून उतरवा. पेन्सिलनं नको, पेनानं.